साखरेचा दाणा का धरतो?

मंडळी, घरी पोचताच लिहितेय, कारण अजून भारावलेलीच आहे.

मी नगरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. शिक्षणातून कुठली कामं मिळतात ते प्रत्यक्ष दिसावं, म्हणून आज शेवटच्या वर्षाच्या मुलांना कोपरगावकडच्या साखर कारखान्यात नेलं. बसमध्ये वैशाली म्हणाली, "मॅडम, केमिस्ट्री घेऊन चुकलंच माझं, मला काही येतच नाही. घरी स्थळं बघायला लागलेत."

कारखान्यात शिवराममामा भेटले. पाक आटवून साखरेचा दाणा धरायचं काम ते कित्येक वर्षं करतायत. त्यांनी पाकाचा थेंब काचेवर घेऊन उजेडात धरला. म्हणाले, "आता धरंल." आणि पुढच्याच थेंबात बारीक दाणे चमकायला लागले! आम्ही सगळे थक्क.

मग मामांनीच विचारलं, "पर दाना धरतो कशामुळं? मला कुनी सांगितलंच न्हाई."

वैशाली पुढे झाली. "मामा, पाण्यात मावते त्याहून साखर जास्त झाली, की ती बाहेर पडते. एक कण तयार झाला की त्यावर थर चढत जातात."

मामा काचेकडे बघतच राहिले. "म्हंजी माज्या नजरंला कळत हुतं ते हे व्हय! लई भारी सांगितलंस, पोरी."

निघताना वैशाली स्वतःहून कारखान्याच्या लॅबमध्ये गेली आणि तिथल्या साहेबांना तिनं विचारलं, "इथं नोकरीसाठी अर्ज कसा करायचा?"

तीन वर्षं मी तिला शिकवलं, पण आपल्याला येतंय हे तिला आज मामांमुळे कळलं. तुम्हाला ते कुणामुळे कळलं होतं?