दोन सूत

ही हकिगत मी आजवर चार हजार वेळा तरी सांगितली असेल. दर खेपेला ती थोडी वाढली. घाट उंच झाला, गाडी लहान झाली, एकदा तर मध्येच एक बिबट्या येऊन गेला. आता दमलो. त्या बिबट्याला पुन्हा उचलून आणायचं बळ उरलेलं नाही, म्हणून घडलं तेवढंच लिहितो. इकडेतिकडे फार तर दोन सूत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही सोलापुरात राहायचो. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, एक जुनी विलायती मोटार घेतली होती. ती इतकी चिमुकली की बाजाराच्या दिवशी आम्ही बाहेर काढत नसू, कारण एखादा बैल ती शिंगावर घेऊन गेला असता तर शोधायची कुठं? इंजिनात चार पिस्टन, प्रत्येक चहाच्या पेल्याएवढा. वहिनीच्या शिलाई मशीनला त्याहून जास्त जोर असावा. सपाट रस्त्यावर मात्र गाडी गुणी होती. अडचण वर्षातून एकदाच यायची, देवीला तुळजापूरला जाताना. घाट लागला की तिचा दम संपायचा. मग सगळ्यांनी उतरायचं, ढकलायचं, आणि वर पोचलं की देवीआधी गाडीला पाणी दाखवायचं.

दम दादाचाही संपत आला होता. वीस वर्षं त्याने गिरणीच्या सूतखात्यात काढली. कापसाची बारीक धूळ छातीत जाऊन बसली, तेव्हा त्याला नक्षीच्या टेबलावर बसवलं. तिथे बारीक चौकटींच्या कागदावर चादरींची फुलं काढायची, एक चौकट म्हणजे एक सूत. आदल्या वर्षी तो घाटात सगळ्यांबरोबर उतरला, शंभरेक पावलं चालला आणि दगडावर बसला. ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे चढ चालायचा नाही, एक पाऊलसुद्धा नाही.

"औंदा मी ह्याच गाडीतनं वर जानार," दादा म्हणाला. "उतरनार न्हाय."

"एस्टीनं जा की दादा."

"एस्टीनं तर मुडदाबी वर जातोय बे!"

एवढं बोलायलाही त्याला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

मी तेव्हा मोटारींच्या एका वर्कशॉपात कारकून होतो. म्हणजे हाताने कारकून आणि तोंडाने मेकॅनिक. एका भंगारवाल्याकडे मला धरणाच्या कामावरच्या बुलडोझरचा टर्बो सापडला. आमच्याकडे तो शब्द ऐकलेली माणसं तेव्हा तीन असतील, त्यांतले दोन मीच. घरी आणला तेव्हा वहिनीला वाटलं, मी न्हाणीघरासाठी बंब आणला.

"ह्येचं काय करायचं?" दादाने विचारलं.

मी समजावलं. इंजिनाचा धूर बाहेर जाताना ह्यातला एक पंखा फिरवतो. त्याच दांडीवर पलीकडे दुसरा पंखा आहे, तो हवा कोंडून पुन्हा इंजिनात ढकलतो. जास्त हवा, जास्त जोर.

दादाने त्यातला पंखा बोटाने फिरवून बघितला. "म्हंजे दमेकऱ्याला भायेरनं दम द्यायचा," तो म्हणाला. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून हसला. "माझ्या मापाचा मिळतोय का बघ की."

इथून आमचे रविवार सुरू झाले. किती ते देवीलाच माहीत, पण थकवा मोजायचा तर तीनेकशे असावेत. बुलडोझरचा टर्बो आमच्या इंजिनापेक्षा मोठा. त्याला जाग यायलाच एवढा धूर लागणार की इंजिन मिनिटाला सात हजार फेरे फिरायला हवं. आमचं साडेतीन हजारांवर रडायला लागायचं.

"सात हजाराला काय भितोस?" दादा म्हणायचा. "गिरणीतली सूत कातायची चाती दहा हजार फिरती. सारखं वजन आन् तेल, येवढंच लागतंय."

म्हणून फेरे वाढवायचा सगळा आराखडा त्याने केला, नक्षीच्या त्याच चौकटीच्या कागदावर. पिस्टन सोनाराच्या तराजूवर तोलून गुंजभर फरकही ठेवायचा नाही. स्प्रिंगा कडक, फ्लायव्हील हलकं, टर्बोला तेलाची वेगळी नळी. कोंडलेल्या हवेने इंजिन ठोके देऊ नये म्हणून पिस्टनचं डोकं किंचित कातून उतरवायचं. दादाचं अक्षर फुलासारखं. त्या कागदावर आमचं इंजिन इतकं देखणं दिसायचं की चादरीवर विणलं असतं तर लोकांनी लग्नात आहेर म्हणून दिलं असतं. पिस्टनच्या चित्राखाली त्याने लिहिलं होतं : 'डोक्यावरून दोन सूत उतरवणे.'

कागद आणि चारही पिस्टन घेऊन लेथवाल्याकडे मी गेलो. म्हातारा अनुभवी होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"दो सूत? पक्का?"

"लिखेला है ना चाचा?"

"लिखेला तो है. मगर दो सूत भोत होता बाबा."

घरी जाऊन दादाला विचारायला सायकलवर पंधरा मिनिटं लागली असती. पण अमुक हजार फेरे नि तमुक हजार फेरे अशा गप्पा मारून मी वर्कशॉपात इंजिनियर झालो होतो. इंजिनियर विचारायला जात नाही. "उडाव," मी म्हणालो.

लेथवर सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गिरणीत सूत म्हणजे सूत, चादरीतला एक धागा. दादाला दोन धाग्यांच्या जाडीइतकंच हवं होतं. चाचाने पाव इंच उडवला.

संध्याकाळी पिस्टन घरी आणून मांडले. चारही पिस्टनांतून पलीकडची भिंत दिसत होती. वहिनीने एक उचलून मनगटाजवळ धरला. "बांगड्या आनल्या व्हय भावजी? माझ्या मापाच्या न्हाईत."

दादा हसला नाही. ओरडलाही नाही. ओरडायला दम लागतो. त्याने कागद घेतला, 'सूत' या शब्दावर बोट ठेवलं. "म्या धागा म्हनलं हुतं," एवढंच बोलला. मी म्हणालो, चाचाने विचारलं होतं, मीच उडाव म्हणालो. एवढं एक खरं मी त्या वर्षी बोललो, आणि तेच बोलायला सगळ्यात जड गेलं.

त्या गाडीचे पिस्टन तेव्हा देशात मिळणं शक्य नव्हतं. भंगारातून कुठल्याशा दुसऱ्या मोटारीचे आणले, ते थोडे ढिले. पूर्वी जो काही जोर होता, त्यातलाही निम्मा गेला. टर्बो बसवण्यात अर्थच उरला नव्हता. वहिनीने तो नळाखाली ठेवला, बादलीखाली बैठक म्हणून.

तरी ठरल्या दिवशी दादा अंघोळ करून गाडीत जाऊन बसला. ना म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडीने मान टाकली. मी आणि वहिनी उतरून ढकलून बघितलं. गाडी हलेना. दादाने दाराला हात घातला.

"मी उतरतो."

"बसा तितंच!" वहिनी अशी ओरडली की गाडीसुद्धा दचकली असावी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढं जात न्हाई तर मागं घ्या की भावजी. वळवा आन् चला घरला."

मी स्टिअरिंगवर बसलो, उतारावर गाडी आडवी होऊ दिली, तिचं नाक उताराकडे कडेला लागलं तेव्हा पुरती वळवण्यासाठी रिव्हर्स टाकला. गाडी मागे सरकली. मागे म्हणजे चढाच्या बाजूला. सरकली ती सरकतच राहिली. त्या गाडीत सगळ्यात ताकदीचा गिअर रिव्हर्सचा होता. तीनशे रविवारांत हे मला सुचलं नव्हतं.

"थांबू नगंस," दादा हळूच म्हणाला.

वहिनी चालत चढाच्या बाजूला पुढे झाली, पदर खोचून समोरच्या गाड्यांना हात करत. एस्टीचा एक ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकून म्हणाला, "काय करलालास बे? देवीला पाठ दावतोस का?" मान उजवीकडे पिळून मी मागचा रस्ता बघत होतो. ती मान अजून पुरती सरळ झालेली नाही, हे मात्र कुणालाही विचारा.

गाडी माणसाच्या चालीने चढत होती. दादाचं तोंड उताराकडे. पायाखालून घाट आणि माळ मागे हटत होते, आणि तो बसल्या जागी सगळं बघत होता. एकदाही उतरला नाही. वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दादाचा श्वास ऐकू येत होता, संथ.

"आपल्या गिरनीची चिमणी दिसती हितनं," तो म्हणाला.

तिथून सोलापूर पंचवीस मैलांच्या पलीकडे. मधे दुपारचा धुरकट माळ, बाकी काही नाही. मी डोकं उचललं, त्याच्या बोटाच्या रोखाने बघितलं.

"दिसती की," मी म्हणालो.