चौदा नंबरचा फोन

भुताखेताचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. वायर, सिग्नल, बिघाड... कारण सापडतंच, हा माझा अनुभव. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. घरी फक्त बायकोला माहीत आहे.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. नाशकात ब्रॉडबँड नुकतंच रुळत होतं आणि मी ऑफिसांमध्ये इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचो. लोकांना आधी समजावून सांगावं लागायचं – तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, ते इंटरनेटवरून जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर प्रत्येक फोनची नोंद असते. फोन वायरला जोडला की तो त्या कॉम्प्युटरला ‘मी आलो’ असं कळवतो, मगच त्याच्यावरून बोलता येतं. जोडलेलाच नसेल, तर तो नुसता प्लास्टिकचा डबा.

गंगापूर रोडला द्राक्ष-डाळिंब निर्यात करणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस होतं, दुसऱ्या मजल्यावर. माल भरायची शेड आणि कोल्ड रूम सटाण्याजवळ. रोजचे शंभर फोन तिकडे, म्हणून त्यांना ही सिस्टीम हवी होती. नाशिकचे सगळे फोन मी सुरू करून दिले होते. सटाण्याला चौदा नंबर द्यायचा ठरला होता, पण तो फोन अजून खोक्यात होता. खोकं रिसेप्शनच्या सोफ्यावर, माझ्या बॅगेशेजारी. दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन सटाण्याला जाणार होतो.

दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. रिसेप्शनला सुनंदाताई बसायच्या, पन्नाशीच्या, माहेर सटाण्याकडचं. मी त्यांना कॉल ट्रान्स्फर कसा करायचा ते दाखवत होतो, तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. स्क्रीनवर नंबर – चौदा.

"अरे वा, सटाण्याचा चालू पण झाला?" ताई म्हणाल्या.

मी सोफ्याकडे पाहिलं. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

ताईंनी फोन उचलला. "हॅलो" म्हणाल्या आणि त्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. मग हळूच, "कोण बोलतंय? कुठून?" त्यांचा चेहरा बघून मी स्पीकरचं बटण दाबलं.

"दार उघड ना माय... मी मझार शे... थंडी वाजी ऱ्हायनी..."

आवाज बारीक, थरथरता. मागे मोठ्या पंख्यासारखी घरघर. मला अहिराणी नीटशी येत नाही. ताई म्हणाल्या, "मझार म्हणजे आत. आत आहे म्हणतंय, थंडी वाजतेय... अहो, कोल्ड रूम! कोणीतरी कोल्ड रूममध्ये अडकलंय!"

फोन कुठून लागला हा प्रश्न तेव्हा बाजूला राहिला. मी मोबाईलवरून तिथल्या सुपरवायझरला लावला. सगळे त्याला बापू म्हणायचे.

"आत कोणी नाय हो साहेब," बापू म्हणाला. "सगळे जेवायला बसलेत. सकाळी मीच कडी लावलीये."

"तरी उघडून बघा. आत्ता! फोन चालू ठेवा."

तो कुरकुरत गेला. कडी काढल्याचा, जड दार सरकल्याचा आवाज आला. आणि मग बापूची आरोळी – "अरे काशिनाथ! ए, धरा रे याला!"

काशिनाथ तिथलाच कामगार. क्रेटच्या मागे अंग मुडपून पडला होता. ओठ निळे, बोलता येत नव्हतं, पण जिवंत होता. त्याला उन्हात नेलं, गोणपाटात गुंडाळलं. मी खुर्चीत बसलोच. "सापडला ताई, वाचला," म्हटलं.

ताई हसल्या नाहीत. त्या टेबलावरच्या फोनकडे बघत होत्या.

"अहो... आवाज बाईचा आहे."

आणि स्पीकरमधून, तसंच – "दार उघड ना माय... मी मझार शे..."

मी खुर्चीतून उठलो. डोकं म्हणत होतं, अजून कोणी असेल. माल निवडणाऱ्या बायका असायच्या तिथे. मी बापूला सांगितलं, आत एक बाई पण आहे, नीट बघा. तो आणखी दोघांना घेऊन बॅटरी लावून आत गेला.

त्यांच्या पावलांचा आवाज टेबलावरच्या फोनमधून येऊ लागला. "कोन शे रे मझार?" बापूची हाक आधी त्या फोनमधून आली, आणि क्षणभराने माझ्या कानाला लावलेल्या मोबाईलमधून. म्हणजे जे कोणी बोलत होतं, ते खरंच त्या खोलीत होतं.

"साहेब, इथं कोणी नाय," मोबाईलवर बापू म्हणाला. "पार भिंतीपर्यंत आलोय."

स्पीकरमधलं रडणं थांबलं. कोणीतरी अगदी तोंडाशी धरून श्वास घ्यावा तसा श्वास ऐकू आला. मग तोच आवाज – पण आता न थरथरता, शांत, घरातल्या माणसाला काम सांगावं तसा.

"आते लाव दार."

ताई किंचाळल्या, "आता दार लाव म्हणतेय! बापू, बाहेर या! सगळे बाहेर या!" मीही मोबाईलवर काय ओरडलो ते आठवत नाही. पळापळ ऐकू आली, शिव्या ऐकू आल्या आणि धाडकन दार बसल्याचा आवाज. मी नुसता "बापू, बापू" करत होतो.

"निघालो साहेब," शेवटी तो म्हणाला. दात वाजत होते त्याचे. "तिघं निघालो. दार आपोआप सरकलं हो... माझी टाच सोलली. बाहेर कोणी नव्हतं. देवाशपथ कोणी नव्हतं."

टेबलावरचा फोन बंद पडला होता. मी तरीही त्याची वायर उपटली. कॉम्प्युटर बघितला – चौदा नंबर जोडलेला नाही, आलेला कॉल नाही. काहीच घडलं नव्हतं जणू.

दुसऱ्या दिवशी सटाण्याच्या दवाखान्यात काशिनाथला भेटलो. तो म्हणाला, शेडमधून जाताना आतून बाईची हाक आली, म्हणून कडी काढून आत गेला. मागे दार बसलं. बाहेरून कडी कोणी लावली, त्याला माहीत नाही. अंधारात तो दार ठोकत राहिला, मग हातपाय गळाले.

"आत कोणी होतं का?" मी विचारलं.

त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. "शेजारीच व्हती. माझ्याशी नव्हती बोलत. फोनवर बोलतात ना, तशी... थांबून थांबून. कोनीतरी पलीकडून उत्तर देत असल्यावानी."

पलीकडे आम्ही होतो.

तो फोन मी बसवला नाही. कंपनीने ती कोल्ड रूम पुढे बंद केली. दार उतारामुळे सरकलं असेल, कोणी चौदा नंबरचा पासवर्ड चोरून खोडसाळपणा केला असेल... सगळं करून पाहिलं मी, एकही कारण शेवटपर्यंत टिकत नाही. ताई म्हणतात, ‘लाव’ हे एकालाच उद्देशून असतं. मग दाराबाहेर कोण उभं होतं?

आम्ही काशिनाथला वाचवलं, असं सगळे म्हणतात. तेही खरंच. पण मला झोपेतून उठवतं ते वेगळंच – एक आत होता, आणि माझ्या सांगण्यावरून तिथे तिघं गेले.

कोणाकडे उत्तर असेल तर सांगा. माझ्याकडे नाही.