मिरच्यांचा धूर आणि करुणाचा आवाज

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर वाण्याची यादी आणि मुलीच्या वह्यांवर तिचं नाव, एवढंच काय ते लिहिलं. आमच्या मंडळीत उपासना संपली की बायका उभ्या राहून साक्ष देतात, देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगतात. मला ते जमत नाही. दोनदा उभी राहिले आणि दोन्ही वेळा पदर सावरून खाली बसले. म्हणून करुणाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे.

करुणा माझी एकुलती एक मुलगी, अकरा वर्षांची. आम्ही नायगावच्या चाळीत राहतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या पाळकांनी तिचा आवाज ऐकला आणि तिला फोर्टातल्या बिशपसाहेबांच्या मोठ्या चर्चमध्ये, कॅथेड्रलमध्ये, मुलांच्या क्वायरला लावलं. आठवड्यातून दोनदा मी तिला बसनं नेते आणि सराव संपेपर्यंत बाहेर दगडी बाकावर बसते. तिथल्या मुलांना चिंच, गोळा, आइसक्रीम काही खायचं नसतं. गाताना गुडघे ताठ ठेवायचे नाहीत, नाहीतर मूल चक्कर येऊन पडतं. क्वायरचे सर तोंडासमोर मेणबत्ती धरून गायला लावतात, आणि ज्योत हलली की परत पहिल्यापासून. करुणा मराठी शाळेत जाते, म्हणून इंग्रजी गाणी ती देवनागरीत लिहून घेते. अर्थ विचारला तर म्हणते, "आई, अर्थ सर सांगतात, पण तो गाताना आपोआप येतो."

नाताळच्या आधी तिथं एक मोठी गायनाची उपासना असते. सगळे दिवे मालवतात, आणि मागच्या दारातून एकच मूल, बाजा न वाजता, पहिलं कडवं म्हणतं. ते मूल कोण हे आधी ठरलेलं नसतं. सर तीन मुलांची तयारी करून घेतात आणि ऐन वेळी दारात उभं राहून एकाकडे बोट करतात. आधी सांगितलं तर मूल घाबरतं, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी तिघांत करुणा होती. खरं सांगते, बोट तिच्याकडेच व्हावं म्हणून मी रोज प्रार्थना करत होते. त्या चर्चमध्ये मला कोणी ओळखत नाही. करुणाची आई म्हणून एकदा तरी ओळखावं, असं वाटत होतं.

उपासनेच्या सहा दिवस आधी, दुपारी, शेजारच्या काकी आल्या. त्या मालवणच्या. करुणा लहान असताना तिला त्यांनीच सांभाळलं. दोन दिवस करुणा जेवणात टाळाटाळ करत होती, ते त्यांच्या कानावर गेलं होतं.

"चेडवाक नजर लागली हा गो," त्या म्हणाल्या. "इतक्या गोड गाता, लोका काय बघत नाय?"

आमच्यात हे करत नाहीत. मला नाही म्हणता आलं असतं. पण काकींना दुखवायचं कसं, हा एक संकोच, आणि मनात दुसरंच, खरंच नजर लागली असेल तर? देवावर माझा विश्वास होता, पण त्या दुपारी मी तो मिरच्यांवर जास्त ठेवला.

वारा नको म्हणून दार लावलं. काकींनी तव्यात निखारे आणले होते. करुणावरून मीठ-मिरच्या ओवाळून त्यांनी निखाऱ्यावर टाकल्या. ठसका आला नाही. ठसका नाही म्हणजे नजर भारी, असं समजतात. काकींनी आणखी मिरच्या टाकल्या, तरी नाही. "बघ, केवढी मोठी नजर," म्हणत त्यांनी उरलेली मूठ टाकली. मग सगळ्या मिरच्या एकदम पेटल्या.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. खोली दिसेना. काकी खोकत दाराची कडी शोधत होत्या. करुणा खोकत नव्हती. ती तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता. तिला उचलून मी जिना कशी उतरले ते सांगता येणार नाही. ओठ निळे दिसले तसा टॅक्सीवाल्यानं मोठ्या इस्पितळापर्यंत न जाता वाटेतल्या एका छोट्या नर्सिंग होमसमोर गाडी थांबवली. त्यांनी लगेच मास्क लावला, इंजेक्शन दिलं. मग काउंटरवर सांगितलं, मुलीला दोन दिवस ठेवावं लागेल, आठ हजार भरा. माझ्या हातात साडेतीनशे रुपये होते. करुणाचे वडील कंपनीची गाडी घेऊन घाटात होते, फोन लागत नव्हता. मी काउंटरला धरून उभी राहिले. तोंडातून शब्द फुटेना. प्रार्थना करावी म्हटलं तर तीही सुचेना. आपणच आपल्या मुलीचा गळा जाळला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मागे एक कोळीण उभी होती, नवऱ्याच्या पायाची पट्टी बदलायला आलेली. तिनं मला कोपरानं ढोसलं.

"काय गो, तोंड नाय काय तुला? माणूस मागितल्याशिवाय काय देनार?"

मी नुसती रडले. तिनं कमरेचा बटवा काढला आणि पुऱ्या आठ हजारांच्या नोटा काउंटरवर ठेवल्या. नोटांना मासळीचा वास होता. कारकुनानं त्या लांब धरून मोजल्या, तशी ती म्हणाली, "वास घे पायजे तर, मोजायला चुकू नको." मी नाव विचारलं. "हिराबाय. परळच्या बाजारात बसते. जमतील तसे आन. पोरगी आधी बरी होऊ दे." आणि ती नवऱ्याला हाताला धरून गेली. माझं नावही तिनं विचारलं नाही.

करुणाचा श्वास संध्याकाळपर्यंत मोकळा झाला. आवाज मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस एक शब्द बोलायचा नाही, मग बघू. तिनं माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं, "मी गाणार ना?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाच कळलं नाही.

चार दिवसांनी तिच्या गळ्यातून नुसती हवा आली. सरांना कळवायला हवं होतं. मला लाज वाटत होती, मिरच्यांचं कसं सांगू. उपासनेच्या दिवशी तिला घेऊन गेले, झगा चढवला, ती रांगेत उभी राहिली, तरी मी गप्प. सर दाराकडे निघाले तेव्हा मात्र हिराबायचं कोपर बरगडीत बसल्यासारखं झालं. आयांना आत जायची परवानगी नसते. मी आत गेले आणि सगळं एका दमात सांगितलं, मिरच्यांसकट.

सर वसईचे. मला वाटलं, ओरडतील. ते हळूच म्हणाले, "किती मिरच्या?"

"मूठभर."

"आमची आजी सातच घालायची." मग करुणाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आज ही गाणार नाही. पण रांगेत उभी राहील. जागा तिची आहे."

दिवे मालवले. सरांचं बोट गिरगावच्या एका छोट्या मुलीकडे गेलं आणि ती इतकं सुंदर गायली की मी हेवा करायचं विसरले. पुढची सगळी गाणी करुणा ओठ मिटून उभी होती. शेवटच्या गाण्याला सगळी मंडळी उठली आणि मेणबत्तीच्या उजेडात मला तिचे ओठ हलताना दिसले. चाळीस मुलांत तिचा आवाज मला काही वेगळा ऐकू आला नाही. बाहेर आल्यावर ती घोगऱ्या, पण ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आई, आला. अर्ध्या ओळीत आला." मी तिथल्याच पायरीवर बसले.

हा चमत्कार होता की औषध, मला माहीत नाही, आणि ते ठरवणारी मी कोण. मी देवाकडे मुलीचा एकटीचा आवाज मागितला होता, सगळ्यांनी ऐकावा असा. त्यानं तो चाळिसांत परत दिला, जिथं मला तो ओळखताही येईना. त्या पायरीवर मला पहिल्यांदा कळलं की तो आवाज माझा नव्हताच. आता सराव चालू असतो तेव्हा मी बाकावर काहीच मागत नाही, नुसती ऐकते. काकींशी मी बोलणं सोडलं नाही. त्या माझ्याहून जास्त रडल्या होत्या.

नर्सिंग होमचं बाकीचं बिल करुणाच्या वडिलांनी भरलं. हिराबायचे पैसे मात्र मी साड्यांच्या फॉल-पिकोतून दिले, महिन्याला पाचशे. परळच्या बाजारात जायचे, तिच्या हातात नोट द्यायचे. ती न बघताच बटव्यात टाकायची. गेल्या शनिवारी शेवटचे पाचशे दिले आणि मोठ्यानं, आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल असं, म्हटलं, "हिराबाय, आठ हजार पुरे झाले."

"झाले तर झाले," ती कोलीम, तो बारीक जवळा, मापता मापता म्हणाली. "आता मासळी घ्यायला ये. पैशे फिटले."