पुरावा काय दावू?

माझा नवरा केनियाचा. त्याच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, त्या दुपारी मी माहेरी जायला पुण्याहून भोरला येऊन हिर्डोशीच्या एसटीत बसले. शेजारी एक धनगरीण होती. माझ्या मांडीवरची फाईल बघून म्हणाली, "दवाखान्याचं हाय का?"

"नाही हो. आम्ही खरंच नवरा-बायको म्हणून राहतो, याचा पुरावा मागतात. लग्नाचा दाखला पुरत नाही."

ती बांगडीत अडकवलेली पिन बोटांनी फिरवत राहिली. "माझा मालक दिवाळीपासनं आखाडापातुर मेंढरांमागं. मला इचारलं तर म्या काय दावू?" मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आला की आदी त्याच्या पायातलं काटं काढती. दुसरं काय न्हाई माझ्यापाशी."

वाडीच्या फाट्यावर ती उतरून गेली.

चौथ्या अर्जात 'इतर पुरावे' या रकान्यापाशी माझं पेन बराच वेळ थांबलं. शेवटी दोघांच्या नावाचा भाडेकरार जोडला. एक वर्ष मिळालं. त्यातलं अर्धं संपलंय आणि मी पुन्हा कागद गोळा करतेय.

परवा एसटी त्या फाट्यावर थांबली तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघितलं. ती दिसली नाही. मालक आले का, एवढंच तिला विचारायचं होतं.