डावा हात सासऱ्यांचा

कपड्यांच्या कारखान्यात कॉलर लावणारी सून आणि तिचे सासरे यांच्यात दिवसाकाठी चार वाक्यं झाली तरी खूप. म्हाताऱ्यांनी पंचेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दृष्टी गेली, दुकान बंद झालं, तसं त्यांचं बोलणंही आटलं. मुलगा लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर. आठवड्यातले दोनच दिवस घरी.

नात शिकायला परगावी गेल्यापासून तिचा कीबोर्ड कपाटावर धूळ खात पडला होता. एका सुट्टीच्या दुपारी सुनेने तो खाली काढला आणि रेडिओवर सारखं लागणारं एक गाणं एका बोटाने शोधायला बसली. सूर सापडे, निसटे, परत सापडे.

"तो वर जातोय, तू खाली काय शोधतेस?" आतून आवाज आला.

ती दचकलीच. "बाबा, तुम्हाला कळतं यातलं?"

"गाण्यातलं नाही. पण टिकटिक ऐकून घड्याळाचं दुखणं सांगायचो मी."

मग रोज संध्याकाळी दोघं शेजारी बसू लागले. चाल ती उजव्या हाताने वाजवायची. साथीचे खालचे सूर तिला काही केल्या उमगत नसत. ते सूर म्हातारे रेडिओला कान लावून, पट्ट्या चाचपत हुडकायचे. चुकलं की स्वतःवरच खेकसायचे, "गाढवा, तिथे नाही!" ती हसू दाबायची.

कारखान्यातल्या एका जुन्या बाईंच्या निरोपाला वाजवायचं ठरलं, तेव्हा म्हातारे अडून बसले. "लोक हसतील मला."

"मग माझा डावा हात कोण?" सून म्हणाली. ते आले.

गाणार होती कापड कापणारी एक मुलगी. घाबरून तिने ठरल्यापेक्षा उंच सुरात सुरुवात केली. सुनेची बोटं थिजली. घरी बसवलेलं काहीच जुळेना. म्हाताऱ्यांनी मान तिरकी केली, एक सूर दाबून पाहिला, सोडला, शेजारचा दाबला आणि धरून ठेवला.

"हा घे. इथून चल."

ती चालली. पहिलं कडवं ठेचकाळत गेलं, दुसरं धड. निरोप घेणाऱ्या बाई डोळे पुसत गुणगुणू लागल्या.

परतताना बसमध्ये म्हातारे म्हणाले, "पोरीचा गळा चांगला आहे. रविवारी बोलव तिला. आणि रेडिओवर ते दुसरं गाणं लागतं ना, त्यातला मधला बासरीचा तुकडा तू काढ. साथीचं मी बघतो."