डोमाजी फिटरची जर्मन मोटार

जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या डोमाजी रामटेकेंकडे मोटार आली ती १९६८ साली. तेव्हा ते कारखान्यात फिटर होते. मिशनच्या दवाखान्यात एक जर्मन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांची गाडी डोमाजी सुटीच्या दिवशी दुरुस्त करून देत. कायमचं मायदेशी जाताना बाईंनी ती त्यांच्याच नावावर केली. छप्पन सालची, पाठीकडून गोल, मागची काच अंड्याच्या आकाराची. सबंध जबलपुरात तशी दुसरी नव्हती. मोहल्ल्यात तिला कछुआ, म्हणजे कासव, म्हणत. रस्त्यात लोक विचारत, किस साहब की है? डोमाजी सांगत, मेरी है. बरेच जण हसून पुढे जात.

तिचं इंजिन मागे होतं आणि त्याला पाणी लागत नसे. नुसत्या हवेवर ते थंड राही. मे महिन्यात दुसऱ्यांच्या गाड्या बॉनेट उघडून वाफा टाकत उभ्या असत, तेव्हा डोमाजी शेजारून टपटप आवाज करत निघून जात. त्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह सैल झालाय ते त्यांना कळे. पार्ट मिळत नसत, ते हातानं घडवत. हिवाळ्यात गिअरजवळची गोल चावी फिरवली की इंजिनावरची तापलेली हवा आत येई. त्यांच्या बायकोला, कुसुमबाईंना, त्याचं फार कौतुक होतं.

१९७९ च्या जानेवारीत कुसुमबाई जबलपूरजवळच्या पाटनला बहिणीकडे गेल्या आणि तापानं पडल्या. बारा वर्षांच्या मुलीला, विनताला, घेऊन डोमाजी त्यांना आणायला गेले. पंधरा दिवसांपासून गाडीत जळका वास येत होता. सायलेन्सरच्या जोडाची पॅकिंग गेली होती. डोमाजींनी पत्र्याची एक कापून बसवली होती. ती नीट बसली नाही हे त्यांना ठाऊक होतं. रविवारी पाहू म्हणत राहिले, आणि रविवारी पाटनला जावं लागलं.

सोमवारी सकाळी धुक्यात ते तिघं परत निघाले. मागच्या सीटवर विनताच्या मांडीवर डोकं ठेवून कुसुमबाई कुडकुडत होत्या. डोमाजींनी काचा लावल्या, स्वतःच्या बाजूची तिकोनी काच तेवढी किलकिली ठेवली, आणि चावी पूर्ण फिरवली. अर्ध्या वाटेत विनता डोकं दुखते म्हणाली. मग दोघीही गप्प झाल्या. डोळा लागला असेल असं समजून त्यांनी गाडी दामटली.

दवाखान्यात पोचेपर्यंत कुसुमबाई गेल्या होत्या. कागदावर निमोनिया लिहिलं गेलं. विनता शुद्धीवर आली आणि दिवसभर ओकत राहिली. आईचा धसका घेतला, असं सगळे म्हणाले. मयताला अंघोळ घालणाऱ्या बायका आपसात बोलत होत्या की चेहरा कसा लालबुंद आहे, जिवंत माणसाचाही नसतो असा. डोमाजींनी ते ऐकलं. आठवड्यानं ते गाडीखाली शिरले. जोडाला चीर पडली होती आणि गरम हवेच्या नळीत बोटभर काजळी बसली होती; इंजिनाचा धूर तिथूनच आत येत होता.

त्यांनी नळ्या पत्रा ठोकून बंद केल्या आणि कोणाला काही सांगितलं नाही. गाडी मात्र ठेवली. रोज पुसत, कारखान्यात तिनंच जात. बायकोच्या आठवणीपायी करतात, असं लोक मानत. खरं असं होतं की डोमाजींचा त्या गाडीवरचा जीव गेला नव्हता. सकाळी इंजिन पहिल्या फटक्यात लागलं की त्यांना आनंद होई, आणि मागून लाज वाटे.

विनता शिकली, नागपुरात शिक्षिका झाली. २००३ मध्ये इंदूरहून दिवाकर नावाचे जुन्या गाड्यांचे शौकीन आले आणि हात जोडून मोटार मागू लागले. विनता तेव्हा घरी आली होती. ती ठाम नाही म्हणाली. आईचा शेवटचा श्वास त्या गाडीत गेला होता. पाहुणे गेल्यावर डोमाजींनी तिला समोर बसवून पत्र्याच्या पॅकिंगपासून सगळं सांगितलं.

 विनता म्हणाली, "मी म्हटलं होतं तुम्हाला, बाबा. डोकं दुखून राहिलं म्हणून."

"हो."

"मग काय म्हटलं तुम्ही?"

"झोप म्हटलं."

"आणि चोवीस वर्षं काहून नाही सांगितलं?"

"तू पण जाशील म्हणून," डोमाजी म्हणाले.

ती दुसऱ्या दिवशी गेली. पत्र नाही, फोन नाही. डोमाजींनी दोन दिवाळ्या एकट्यानं काढल्या. २००५ मध्ये त्यांना लकवा मारला तेव्हा शेजाऱ्यांनी कळवलं आणि विनता आली. तिनं दिवाकरांना बोलावून गाडी देऊन टाकली आणि वडिलांना नागपूरला नेलं.

दोन वर्षं तिनं त्यांचं सगळं केलं. अंघोळ घातली, घास भरवला, रोज पाय चोळले. एकदा डोमाजी वाकड्या ओठांनी "कुसुम" असं काही म्हणू लागले. विनतानं घास पुढे केला.

"जेवून घ्या, बाबा. निवून जाईल."

ते जेवले. त्या विषयावर दोघं पुन्हा बोलले नाहीत, आणि पुढल्या उन्हाळ्यात डोमाजी वारले.