माठावरची रोटी आणि आईचे हात

माझी आई लांब रोटी करत असते तेव्हा तिच्याशी बोलायचं नसतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. चुलीवर माठ पालथा घातलेला असतो. परातीतली कणीक इतकी सैल भिजवलेली असते, की नवख्या माणसाला वाटावं, बिघडली. आई तिचा गोळा उचलते, या हातावरून त्या हातावर झेलते. झेलता झेलता तो पसरत कोपरापर्यंत ओघळतो आणि मग आई तो तापलेल्या माठावर टाकते. पोळपाट नाही, लाटणं नाही, सगळं उघड्या हातांनी. अक्षय तृतीयेला पितरांच्या पानावर आमच्याकडे हीच रोटी आणि आंब्याचा रस असतो. नागपुरात ती आता विकतही मिळते. विकतची मला आवडत नाही, आणि कोणी विचारलं नसलं तरी मी हे सांगत सुटते.

म्हणून आईच्या हातांना इसब झालं, तेव्हा नुसते हात बिघडले नाहीत.

आधी बोटांच्या बेचक्यांत लाली आली. मग मनगटं सोलवटली, आणि बघता बघता ते कोपरापर्यंत चढलं. कातडी कोरडी पडून भेगाळायची, खाजवलं की पाणी सुटायचं. आई माझ्या धाकट्या भावाकडे राहते. भाऊ बुटीबोरीला कारखान्यात जातो, घर वहिनी सांभाळते. वहिनी कामाला वाघ आणि बोलायला गोड. सणाच्या आदल्या दिवशी तिने भावाला रोट्या विकत आणायला सांगितल्या, आईंना त्रास नको म्हणून. पुढच्या वर्षी आईने हट्टाने थोड्या रोट्या केल्या. एक पितरांच्या पानावर गेली, बाकीच्या संध्याकाळपर्यंत टोपलीत वाळत पडल्या. घरातल्या माणसांनी विकतच्या खाल्ल्या. मला हे भावाकडून कळलं तेव्हा वहिनीचा असा राग आला, की मी आठवडाभर तिचा फोन घेतला नाही. पण घरात तिचं तान्हं मूल होतं आणि समोर ते लाल, ओलसर हात. तिला भीती वाटली असणार, हेही मला कळत होतं.

तेव्हापासून आई हात पदराखाली ठेवू लागली. नातीला मांडीवर घ्यायची ती थांबली. पाया पडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायची नाही, लांबूनच तोंडाने आशीर्वाद द्यायची.

हिवाळ्यात मी तिला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. म्हणजे जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हातमोजे न घालता आईचे हात हातात घेतले, उलटसुलट पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला तो हात कशाने धुता हा. आई म्हणाली, सोड्याने. धुण्याच्या सोड्याने.

डॉक्टरीणबाई चकित झाल्या, मी नाही झाले. आम्ही विणकरांच्या गल्लीतली माणसं. घरोघरी माग होते, तेव्हा बायकांचे हात दिवसभर रंगात आणि खळीत असायचे. खळ म्हणजे ताण्याला, मागावरच्या उभ्या सुताला, लावायची पेज. तसले हात घेऊन चुलीपाशी जायची सोय नव्हती. गरम पाण्यात सोडा टाकून, नारळाच्या काथ्याने घासून, बोटं एकमेकांवर घासल्यावर करकर वाजली पाहिजेत, मगच कणकेला हात लावायचा. माग विकून जमाना झाला. मागाच्या खड्ड्यावर फरशी बसली आणि तिथे भावाची मोटारसायकल उभी असते. सोड्याचा डबा मात्र मोरीपाशी आपला जागच्या जागी. इसब झाल्यापासून तर आई दिवसातून कितीदा तरी हात धुवत होती. रोग म्हणजे मळ आणि मळ म्हणजे सोडा, इतकं ते तिच्या लेखी सरळ होतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना धाग्यांनी बांधलेल्या असतात. कातडीतच काही एन्झाइम असतात, त्यांचं काम हे धागे हळूहळू कापायचं, म्हणजे जुनी कातडी कळत नकळत गळून पडते आणि खालची नवी वर येते. कातडी जरा आंबट असते तोवर हे एन्झाइम बेताने काम करतात. सोडा लागला, साबण लागला की तो आंबटपणा जातो आणि त्यांना चेव येतो. मग नको तेवढं, नको तेव्हा कापत सुटतात. वरचा थर विरतो, आतला ओलावा उडून जातो, बाहेरची धूळघाण आत शिरते. ती शिरली की शरीर तिच्याशी लढायला उठतं. हाच दाह. लाली, सूज, खाज ही सगळी त्या लढाईची खूण. आणि दाह झालेल्या कातडीत हे कापणारे एन्झाइम आणखी वाढतात. त्यात खाजवणं आलं, म्हणजे फेरा पुरा. काहींची कातडी मुळातच नाजूक असते, आईंची तशी असेल, असंही त्या म्हणाल्या. दाह उतरवायला थोडे दिवस एक मलम, नंतर रोज साधं चोपडं मलम, आणि सोडा बंद. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांनी आईकडे बघून दोनदा सांगितलं.

आईला यातलं काही पटलं नाही. रिक्षात तिचा एकच घोशा होता, हात न धुता कणकेत घालायचे तर पितर जेवतील तरी का. घरी ती माझ्यासमोर मलम लावायची. पंधरवड्याने गेले तर हात तसेच लाल, आणि सोड्याचा डबा ओला. माझं डोकंच फिरलं. मी नको नको ते बोलले. ती ऐकून घेत होती आणि हात पदराखाली घेत होती. ते पाहून माझा राग एकदम ओसरला आणि रडूच आलं.

मग मी तिच्या शेजारी बसले आणि ताण्याचं विचारलं. खळ न लावता ताणा मागावर चढवला तर काय व्हायचं? ती म्हणाली, सूत पिंजतं, मागाच्या फणीत घासून तटातट तुटतं. म्हटलं, आणि चढवलेला ताणा कोणी सोड्याच्या गरम पाण्याने धुतला तर? असा मूर्ख कोण असेल, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

"म्हंजे माह्या हाताची खळ मीच धुऊन राहिली होती काय वं?"

मी हो म्हटलं. तिने डबा उचलला आणि वहिनीला हाक मारून संडास घासायला देऊन टाकला.

होळीपर्यंत लाली उतरली. भेगा बुजल्या. कातडी अजून पातळ होती, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की हा आजार परत डोकं वर काढू शकतो, सांभाळून राहा. अक्षय तृतीयेच्या रोट्यांना त्यांनी होकार दिला. साध्या पाण्याने हात धुवायचे, थोड्याच करायच्या, झाल्याबरोबर मलम लावायचं.

त्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. वहिनीने विकतच्या रोट्या आणल्या होत्या की नाही, मी पाहिलं नाही, विचारलंही नाही. आईने साध्या पाण्याने हात धुतले. सवयीने बोटं एकमेकांवर घासली, ती वाजली नाहीत, तशी जराशी घुटमळली. मग कणकेत हात घातला. पहिली रोटी पानावर गेली. दुसरी तिने माठावरून काढली, घडी घातली आणि टोपलीत ठेवली. कोणाला घे म्हणाली नाही.

वहिनी दारात उभी होती, कडेवर मुलगी. ती आत आली, चुलीपाशी बसली आणि ताटली पुढे केली.

"मले द्या, आई."

आईने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. रोटी ताटलीत ठेवली आणि गरम आहे, हळू खा, एवढंच म्हणाली. वहिनीने रसाची वाट पाहिली नाही. कोरडाच तुकडा तोडून खाल्ला, दुसरा फुंकून मुलीला भरवला. आई माठाकडे तोंड करून बसली होती. पाठमोरीच तिने विचारलं, "मीठ कसं झालं वं?"

वहिनीने अजून एक घास चावून पाहिला. मला वाटलं, ही आता छान झालं म्हणणार, आणि मी मनातल्या मनात तिला दटावलं.

"थोडं कमी हाये," ती म्हणाली.

आई खुदकन हसली. दोन वर्षं तिच्या रोटीला कोणी नावं ठेवली नव्हती. तिने चिमूटभर मीठ परातीत टाकलं, कणीक पुन्हा फेसली आणि पदर खांद्यावर टाकून, दोन्ही हात कोपरापर्यंत मोकळे सोडून, पुढचा गोळा उचलला.